लिफ्टमधल्या चिठ्ठीला उत्तर

वुकाशिन, चौथा मजला,
तुझी चिठ्ठी वाचली. आरशाच्या बरोबर मधोमध,
चारी बाजूंनी चिकटपट्टी:
'तळघरातून उग्र दर्प येत आहे.
संबंधितांनी त्वरित दखल घ्यावी.'
संबंधित मीच. यागोदा, पहिला मजला.
निळं पिंप माझं.

कुठे तरी पाणी मुरतंय, असा तुझा संशय.
बरोबर आहे, मुरतंयच.
नळाचं नाही, मिठाचं.
सदतीस गड्डे आहेत आत कोबीचे,
ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी
ट्रॅक्टरवाल्याशी हुज्जत घालून
एकेक दाबून निवडलेले,
चपटे, पातळ पानांचे, पान दुमडलं तरी न फाटणारे.
देठ सुरीच्या टोकाने कोरून काढायचा,
खळग्यात मीठ भरायचं, खळगा वर ठेवून
शेजारी शेजारी बसवायचे,
शाळेच्या फोटोत बसवतात तसे, खांद्याला खांदा.

इलोना केरेकेश मीठ तराजूवर तोलते.
मी मुठीने.
बावीस वर्षं आमचं यावर पटलेलं नाही,
आणि एकमेकींच्या पिंपात बोट बुडवून
चाखल्याशिवाय एकही हिवाळा गेलेला नाही.
मग तमालपत्र, मिरी,
हॉर्सरॅडिशचं वीतभर मूळ, एक पिकलं क्विन्स.
क्विन्स कशाला, ते कुणालाच माहीत नाही,
पण न घालायची हिंमतही कुणाची नाही.
वर दगड. डॅन्यूबच्या काठचा, बसने आणलेला.
कंडक्टरने त्याचंही तिकीट मागितलं होतं.

पहिला आठवडा काही घडत नाही.
दुसऱ्यात फेस धरतो.
तिसऱ्यात तू चिठ्ठी लिहितोस.

वास येतो, मी कुठे नाही म्हणते?
माझ्या कोटाला लागतो,
बँकेच्या रांगेत पुढचा माणूस
गरजेपेक्षा एक पाऊल जास्त सरकतो.
आंबणारी वस्तू गप्प बसत नाही, एवढंच.
तू रात्री दोनला फोनवर कुणाशी तरी भांडतोस,
हीटरच्या पाइपातून शब्दन् शब्द खाली येतो.
शेवटी तूच 'बरं, बरं' म्हणतोस, दर वेळी.
मी चिठ्ठी लावली नाही.

आता मुद्द्याचं.
दर तीन दिवसांनी पिंपाच्या तळाशी
रबरी नळी सोडून फुंकायचं असतं.
तळचं खारं पाणी वर, वरचं तळाला.
नाही फुंकलं तर खाली नासायला लागतं
आणि वरून सगळं ठीक दिसत राहतं.
हे काम गोयकोचं.
तो लिंझला ट्रक चालवतो,
जानेवारीतल्या आमच्या नाताळाआधी काही येत नाही.
मी फुंकते, पण माझी छाती आता शिट्टी वाजवते.
चार बुडबुडे पिंपात येतात,
पाचवा माझ्याच डोळ्यांपुढे.
इलोना ऐंशीची आहे.
तुझी फुप्फुसं चांगली आहेत,
दोन वाजता ऐकलंय मी.

गुरुवारी सातला ये.
नाकाला रुमाल बांधलास तरी माझी हरकत नाही.
नळी उकळत्या पाण्याने धुतलेली असेल.
एकदा का खालून गुडगुड सुरू झाली
की माणूस हसतो. का हसतो, कळत नाही,
गोयको तर दरवर्षी हसतो,
आणि तो एरवी हसणारा नव्हे.

बदल्यात काय?
नव्या वर्षाच्या सकाळी डोकं धरून बसशील,
तेव्हा पेलाभर खारं पाणी, गार, गुलाबी
(एक बीट टाकते मी, इलोनाला सांगू नकोस).
फेब्रुवारीत सारमा:
आंबट पानांत गुंडाळलेला खिमा आणि भात,
मंद आचेवर पाच तास,
आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गरम केलेला,
कारण पहिल्या दिवशी तो फक्त शिजलेला असतो.

ता. क. कागद शोधत बसले नाही,
तुझीच चिठ्ठी काढून तिच्या पाठीवर लिहिलंय.
चिकटपट्टी अजून धरते आहे.
परत लावणार असशील
तर कुठली बाजू बाहेर, ते तुझं तू बघ.