साडेतीन बोटं

डिचोलीच्या आमच्या घरात
चार बोटं म्हणजे तीनच.
तांदळावर चार बोटं पाणी म्हटलं की
बाबा डावा पंजा पातेल्यात धरत
आणि भात फडफडीत व्हायचा.
चौथं बोट टिपरखाली राहिलं, सत्त्याऐंशी साली,
जॅक घसरला तेव्हा.
आई म्हणायची, बरं झालं, पाणी वाचतं.

तो जॅक अजून पडवीत आहे.
चाळीस किलो लोखंड.
खाणी बंद झाल्यापासून
वाऱ्याने आपटणारं दार धरून बसलाय.

निवृत्तीच्या पैशांतून मी
पर्वरीच्या एका दंतवैद्याकडून
दोन माणसांची, छप्पर उघडणारी गाडी घेतली.
तेहेतीस वर्षं भूमिती शिकवलेल्या बाईने
स्वतःसाठी एक वक्ररेषा घेतली तर काय बिघडलं?
शेजारचे उसगावकर म्हणाले, ही उभी आहे की बसलीय?
गतिरोधक दिसला की मी पोट आत ओढते.
घासणार जणू माझंच.

मागचं चाक बसलं एका रविवारी.
बाबांचा जॅक अंगणातून ओढत आणला,
चिऱ्यांवर खडखड,
आणि गाडीपाशी तो थांबला
स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी थोरले दीर थांबतात तसा,
खाकरला, थोडं तेल सांडलं, आत काही आला नाही.
मी पालथी पडून हात घातला.
साडेतीन बोटं. माझी, पूर्ण.

म्हापशाला प्लासिद कुतिन्योचं दुकान.
आठवीत माझ्या तासाला झोपायचा.
"किते जाय, टीचर?"
मी बोटं दाखवली.

पहिला बुटका, लोखंडी, स्वस्त.
एक टोक उचललं आणि माझा मणका म्हणाला, नको.
दुसरा लाल, नखरेल, नऊ किलो,
अगदी जमिनीला नाक लावून शिरणारा,
पण वर येईना वीतभरसुद्धा.
वाकायला शिकला, उठायचं शिकायचं राहिलं.
असे दोन मुख्याध्यापक मला माहीत आहेत.
तिसरा अॅल्युमिनियमचा, मान लांब,
डोक्यावर रबराची वाटी.
खोक्यावर चौदा किलो.
मी खिळ्यांच्या काट्यावर ठेवला: सोळा, वर दोनशे ग्रॅम.
"दांडा धरला ना, टीचर!"
"मग दांड्याशिवाय उचलणार आहेस का?"
पन्नास रुपये त्याने तिथेच कमी केले.

बिल करताना मात्र तो झोपलेला नव्हता.
"हा उचलतो. धरून ठेवत नाही.
ह्याच्या भरवशावर खाली जायचं नाही."
आणि दोन तिपायी घोडे काउंटरवर ठेवले.
त्यांची किंमत मी विचारली नाही.

घरी आले तर नवीच पंचाईत:
चिऱ्यांच्या फटींत त्याची चाकं अडकतात.
फणसाची जुनी फळी खाली घातली.
दांडा दाबला, गाडी उठायला लागली,
आणि जॅक बोटभर पुढे सरकला, आपणहून.
मी घाबरून थांबले.
मग कळलं: हात वर जाताना वर्तुळात जातो,
त्याला पुढे येऊ द्यावं लागतं,
अडवलंत तर गाडीच ओढली जाते.
हे मी फळ्यावर कितीदा काढलं असेल, कंपासने,
एका बाजूला उभी राहून.

बाबा काठी टेकत आले. चौऱ्याऐंशी वर्षांचे.
जॅककडे बघितलं, पायाने ढोसलं,
"खेळण्याचा आहे का?"
घोडे जागेवर बसले होते.
तरी ते वाकून चाकाखाली डावा हात घालू लागले तेव्हा
माझा आवाज वर्गातला झाला.
"हात काढा!"
"मोजतोय."
मग उठले, पंजा झटकला.
"नवं चाक बसायला चार बोटं लागतात. आहेत चार."

मी आणखी एकदा दांडा दाबला.