एल्लुबाईच्या तीन फायली

खानापुरात आमचा दवाखाना चाळीस खाटांचा,
रेकॉर्ड रूम साठ वर्षांची.
कौलं गळतात तिथं फायलींवर पोती,
आणि कुठली फाईल कुठल्या पोत्याखाली
हे एकट्या बसाप्पा होसमनींना ठाऊक.
ते मार्चात रिटायर होणार,
म्हणून कॉम्प्युटर आणायचं ठरलं.

तीन कंपन्या आल्या.
बेंगळूरूची झकपक, कन्नड नि इंग्रजी,
पण नेट गेलं की पडदा पांढरा.
आणि आमच्याकडं कणकुंबीच्या बाजूनं ढग उतरले
की आधी नेट जातं, मग लाईट, मग रस्ता.
पुण्याच्या पोरानं सगळं मराठीत दाखवलं.
एकाच माणसाच्या दोन नोंदी झाल्या तर?
तर हे बटण दाबायचं, म्हणाला.
बटणावर लिहिलेलं : विलीनीकरण.

खोलीत कुणीच बोललं नाही.
ट्रस्टी मुतगेकर खोकले,
फिलोमिना सिस्टरनी खिडकीकडं तोंड फिरवलं,
आणि कधी न हसणारे बसाप्पा म्हणाले,
"एवढं सोपं होतं व्हय हे!"
पोराला कळेना आपलं काय चुकलं.
त्याला चहा दिला, दोनदा.

मी तिघांनाही एकच विचारलं होतं :
यात समास कुठाय?
म्हणजे कागदाच्या डाव्या अंगाची मोकळी जागा.
तिथं जे लिहितात ते रोगाचं नसतं.
"नवरा ऐकतोय. परत एकटीला बोलवा."
"गोळी अर्धी करून खाते, बिलाचं काढू नका."
बेंगळूरू म्हणालं, पुढच्या व्हर्जनला बघू.
पुणं म्हणालं, कशाला लागतो?
हुबळीचा माणूस डोकं खाजवत म्हणाला,
शेरा आहे की, दोनशे अक्षरांचा.

हुबळीचंच घेतलं.
दिसायला ओबडधोबड, पण नेटाशिवाय चालतं,
आणि बिघडलं तर तो स्वतः
लोंढ्यावरून पॅसेंजरनं येतो, डबा घेऊन.

उन्हाळाभर मी टाईप करत बसले.
जन्मतारीख नसली की यंत्र एक जानेवारी घालतं.
जांबोटी, नंदगड, गुंजी,
सगळा तालुका थंडीत एका पहाटे जन्मला.
मातृभाषेला चौकट एकच.
बायका विचारत, "माहेरची सांगू का सासरची?"

मग या तीन :
यल्लव्वा तळवार, वय एकेचाळीस, रक्तदाब.
एल्लुबाई तळवार, वय बावन्न, साखर.
यल्लूबाई भरमा नाईक, बाळंतपण, अठ्ठ्याण्णव साल, मूल दगावलं,
आणि समासात फिलोमिनांच्या हातचं, लाल,
दोनदा अधोरेखित : पेनिसिलीन कधीच नको.

"एकच बाई ती," बसाप्पा म्हणाले, वर न बघता.
"कौलाच्या भट्टीवर होती. गुरुवारी येईल."

गुरुवारी आली. माझ्या मागं उभी राहून
"काय बघूलालीस गं?" म्हणाली.
पडद्यावर प्रश्न होता :
नोंदी एकत्र करायच्या? मागे घेता येणार नाही. खात्री आहे?
मी तिला समजावलं, नंबर एकच राहील,
बाकीचे दोन जातील. नाव कुठलं ठेवू?

"नावाचं काय, कशानं हाक मारलीस तरी ओ देते."
मग थोडं थांबून,
"पोरगं कुठल्या नंबरात आहे?"

तिसऱ्यात, मी म्हटलं.
यल्लूबाईचं बाळ, पुरुष, एक दिवस.

"त्याला नाव ठेवायचं राहिलं.
तो ठेव. बाकीचे बुडव."

बटण दाबलं. रक्तदाब आला, साखर आली,
पेनिसिलीनचं मी शेऱ्यात घातलं, सगळ्यात वर.
खाली यंत्रानं सांगितलं : अजून एकशे अठ्ठ्याहत्तर अक्षरं शिल्लक.
काय लिहावं म्हणून बसाप्पांकडं पाहिलं.
ते पोती झटकून दारात वाळत घालत होते.