नखाची खूण

ऑक्टोबर सरत आला की माझ्या दुकानाबाहेर
पिकअप उभ्या राहतात, एकामागे एक,
दवाखान्यात नंबर लावल्यासारख्या.
इथे किविनॉच्या टोकाला बर्फ इंचांत मोजणं
आम्ही कधीच सोडलं.
टपालपेटी दिसते की नाही, एवढंच विचारतो.

व्हर्ना कोस्केला आली, हातमोजे दातांनी ओढत.
सकाळी शाळेची बस चालवते,
बस ठेवली की पिकअपला फाळ लावून
लोकांच्या दारांतला बर्फ ढकलते.
गाडी अठरा वर्षांची, दारांची गंजून जाळी झालेली,
हौद्यात वाळूची चार पोती.
"मागे वजन नसलं की शेपूट नाचतं," म्हणाली.

टायर घेताना माणसं आधी चेहरा बघतात.
मोठमोठे ठोकळे, दांडगे खांदे,
बाजूला पांढरी अक्षरं
पैलवानाच्या दंडावर गोंदल्यासारखी.
तसले मीच विकले होते गेल्या वर्षी, बहिणीच्या मुलाला.
आर्वो. आजोबांच्या फिनिशमधला त्याला
एकच शब्द येतो: एनो, म्हणजे मामा.
रुंद, देखणे टायर. चिखलात वाघ.
जानेवारीत वळणावर ताज्या बर्फावर ते तरंगले.
खाली रस्ता होता,
तो त्यांना भेटलाच नाही.

आर्वो वाचला. त्याचा डावा गुडघा
आता रेडिओच्या आधी थंडी सांगतो.
मला त्याने काहीच विचारलं नाही.
विचारलं असतं तर बरं झालं असतं.

फ्रीजरमध्ये, हरणाच्या मांसाच्या पिशव्यांशेजारी,
मी रबराचे दोन तुकडे ठेवतो.
ते व्हर्नापुढे ठेवले. "नख रोव."
पहिल्यावर नख घसरलं, पाटीवर घसरावं तसं.
दुसऱ्यावर कोरीएवढी खूण उठली
आणि बघता बघता भरून आली.
"हा थंडीत दगड होत नाही.
बाजूला बघ, तीन शिखरांचा डोंगर, पोटात हिमकण.
नुसत्या दोन अक्षरांवर जाऊ नकोस,
ती कुणीही छापतं.
आणि या बारीक चिरा. त्यांत बर्फ भरतो.
बर्फाला बर्फच धरतो, दुसरं कुणी नाही."

सगळे विचारतात, चढेल का, निघेल का.
तिने विचारलं, "थांबेल का?"

मी पाना खाली ठेवला.
"नुसत्या बर्फावर, थोडंफार.
काचेसारखा गोठला की कुणीच थांबत नाही.
चारही चाकं ओढतात, ते निघण्यापुरतं.
थांबायच्या वेळी तुझी गाडी
आणि पाद्रीबाईची छोटी मोटार सारखीच."
"मग काय करायचं?"
"लवकर निघायचं."

तिला दोनच हवे होते, मागच्यांपुरते.
नाही म्हणालो. पुढच्यांनी एक बोलायचं
आणि मागच्यांनी भलतंच ऐकायचं, असं नको.
चार. एक माप अरुंद, म्हणजे खालपर्यंत कापत जातील.
कड जाड, फाळाचं ओझं पेलणारी.
दिसायला अगदीच साधे.
तिने पाकिटातून दोघांचे पैसे मोजले,
मग खिडकीतून माझं अंगण मोजलं.
"एप्रिलपर्यंत हे मी उपसते."
वहीत तेवढंच लिहिलं.

पहिला तुकडा कुठल्या टायरचा, हे तिने विचारलं नाही.
मी तो पुसून परत फ्रीजरमध्ये ठेवला.

सोमवारी पहाटे उठलो तर अंगण मोकळं,
बर्फाची भिंत कुंपणाला टेकवलेली, आणि ती गेलेलीसुद्धा.
भुरभुर पुन्हा सुरू होती.
दोन अरुंद चाकोऱ्या रस्त्याकडे गेल्या होत्या,
त्यांतली चीर न चीर उमटलेली.
फाटकापाशी ती थांबली असावी,
तिथे खुणा जरा खोल होत्या.
घसरल्याची एकही नव्हती.

आत येऊन आर्वोला फोन लावला.
वाजत राहिला.
झोपला असेल.