विरजण

अवालीतल्या तेलकंपनीच्या जुन्या बंगल्यांच्या रांगेत
कण्हेरीचं कुंपण हाताने, कात्रीने कापणारा
एकच माणूस उरलाय. पेंगली साहेब.
वय एक्क्याऐंशी, डाव्या पायाला न भरणारी जखम.
संध्याकाळी सहाला मी पट्टी बदलते.
भिंतीवरचा तापमापक अजून फॅरनहाइट सांगतो,
दारामागे गेलेल्या बायकोची छत्री,
जिथे वर्षाला सात दिवस ढग येतात तिथे.
“जे चालतंय त्याला हात लावू नये,”
एवढंच त्याचं राजकारण.
साठ वर्षं एकाच पक्षाला मत,
ठरल्या दुकानातून चहापत्ती आणावी तसं.

आणि या वेळी पोस्टाने आलेल्या मतपत्रिकेवर
त्याने फुली मारली
शेवटून दुसऱ्या नावावर.
कुणी निवृत्त गुरांचा डॉक्टर,
चर्चच्या हॉलमध्ये नऊ माणसांची सभा घेणारा,
ज्याच्या पक्षाचं नाव मला दोनदा विचारावं लागलं.
का, म्हटलं.
“राखायला ठेवलेले लोकच विकायला निघाले.”
मी म्हटलं, आमच्याकडे म्हणतात, कुंपणच शेत खातं.
त्याने ते तीनदा म्हणून घेतलं,
‘खातं’ला अडखळला,
मग खिडकीतून कण्हेरीकडे बघत राहिला
जरा संशयाने.

आमचे गंगारामआप्पा उभे होते एकदा
पंचायत समितीला. अपक्ष. चिन्ह शिलाई मशीन.
एकशे चौदा मतं. डिपॉझिट जप्त.
आणि पक्षाचा माणूस पडला अठ्ठ्याण्णवने.
बाबा बारा वर्षं बोलले नाहीत सख्ख्या भावाशी.
“मतं खाल्लीस,” म्हणाले,
जणू मतं कुणाच्या डब्यातले लाडू होते,
मोजून ठेवलेले.
आप्पांनी मागितला होता फक्त एक साकव,
शाळेच्या वाटेवरच्या वहाळावर.
पुढच्या खेपेला तोच पक्ष आला, नारळ फोडला,
साकव झाला. फरशीवर चार नावं कोरली.
आप्पांचं नव्हतं.
मी त्यावरून सहा वर्षं शाळेत गेले.

मतमोजणीच्या रात्री मला थांबवून घेतलं त्याने.
आवाज बंद केलेला टीव्ही, दोन कप,
हिवाळ्यातलं बहरीन, अंगावर शाल.
पाचाला दहा कमी असताना पहाटेची बांग झाली
आणि त्याच्या गावाचा निकाल लागला.
डॉक्टर: सहाशे अकरा. डिपॉझिट गेलं.
त्याचा साठ वर्षांचा पक्ष पडला
चारशे दोनने.
साहेबाने बेरीज-वजाबाकी बोटांवर केली, पुन्हा केली.
मला वाटलं, हसेल.
तो म्हणाला, “माझ्या वडिलांनी त्या पक्षाची पत्रकं वाटली होती. सायकलवरून.”
मग बराच वेळ काही नाही.
मग, “आता तरी ऐकतील का गं?”

मला विरजण हा शब्द सांगायचा होता त्याला.
कुणाच्या आनंदावर पडलं की सगळं नासतं,
आणि कोमट दुधात चमचाभर पडलं
की सकाळी भांडंभर दही,
ज्यात तो चमचा शोधून सापडत नाही.
दोन्ही एकच शब्द. पण माझं इंग्रजी
जखमा, गोळ्या, जेवणाआधी, जेवणानंतर
एवढ्यापुरतं. मी पट्टीच बदलली पुन्हा,
वेळ झालेली नसताना.

देवरुखच्या यादीत माझं नाव आहे अजून,
अनुक्रमांक पाचशे तीन.
मतदानाच्या दिवशी मी कधीच नसते तिथे.
इथे तर प्रश्नच नाही.

खोलीवर आले तेव्हा उजाडलं होतं.
कोपऱ्यावरच्या कोल्ड स्टोअरमधून आणलेलं लबान,
त्यातला एक चमचा काल रात्री दुधात सोडलेला.
भांडं तिरकं करून बघितलं.
हललं.
एसीत दही उशिरा लागतं.
झाकण ठेवलं, वर टॉवेल गुंडाळला.