डाग

बाऊलच्या तळाशी हिरवट साका,
त्यात बसलेला पितळी फ्लोट, लिंबाएवढा.
कानाशी हलवला. आत पेट्रोल खळखळलं.

जेट फुंकून झाले होते, सुई नवी होती,
गॅस्केट मी जाड लग्नपत्रिकेतून कापलेलं.
फ्लोट मात्र द्वारकेपासून वडाळा नाक्यापर्यंत
कुणाकडेच नव्हता.
"ताई, सत्त्याहत्तरची फियाट. भंगारात घाला."

म्हणून तांबट आळीत.
वडनेरेकाकांनी घागर बाजूला सारली,
फ्लोट उकळत्या पाण्यात दाबून धरला:
टाचणीच्या टोकाएवढ्या जागेतून
बुडबुडे, एकामागे एक.
"घागरीला डाग दिला की झालं, तिला भरायचंय.
ह्याला तरंगायचंय."
मग तिळाएवढा डाग. त्यावर कानस.
शेजारच्या सराफाच्या काट्यावर
तीनदा चढला फ्लोट, नथीसारखा.
तिसऱ्यांदा काका नुसतं "हं" म्हणाले.
पैसे घागरीचेच घेतले.

संध्याकाळी चोक ओढला.
खोकली, शिंकली,
लागली.

त्र्यंबक नाक्याच्या सिग्नलला अजून बंद पडते.
मागचे हॉर्न वाजवतात.
मी काच खाली करून आधी वास घेते.
पेट्रोलचा नाही.
म्हणजे आत ते अजून तरंगतंय;
स्क्रू पाव फेरा चुकलाय, एवढंच.