एक ओळ वर

दर बारा वर्षांनी मला बोलावतात
टाकीवरचं नाव पुन्हा रंगवायला.
एकशे दहा फुटांची शिडी, कमरेला पट्टा,
आणि मक्याच्या शेतांवरून येणारा वारा,
जो कुणाच्या बापाचं ऐकत नाही.
इंग्रजीत पाच अक्षरं, प्रत्येक अक्षर माझ्याहून उंच.
पलीकडच्या गावाचं नाव सतरा अक्षरी.
तिथला रंगारी माझा मेहुणा; त्याची कंबर गेली.

मला ऑर्फा परवडतं.

नाव कसं पडलं ते इथे सगळ्यांना पाठ आहे
आणि प्रत्येकाचं पाठांतर वेगळं.
माझं वाचनालयातल्या मिस हॅझलटाइनकडून आलेलं:

अठराशे एक्क्याऐंशी. नेब्रास्का.
अकरा घरं, त्यातली सात गवताळ ढेकळं रचून उभी केलेली,
एक विहीर, एक लोहार,
आणि पोस्ट हवं म्हणून वॉशिंग्टनहून आलेला छापील अर्ज.
नाव छोटं असावं. राज्यात दुसरं नसावं.

कोठारात पुरुषांची सभा बसली.
कॅप्टन हॉस्मरला हवी होती आपल्या लढाईची आठवण
(ती तो हरला होता, हे तो सोडून सगळ्यांना ठाऊक).
लिंडक्विस्टला हवं होतं स्वीडनमधलं आपलं गाव,
जणू ते बंदरात चुकामूक होऊन मागे राहिलं होतं
आणि पुढच्या बोटीनं येणार होतं.
लोहार म्हणाला, काहीही ठेवा,
मला लिहिता आलं पाहिजे.
एलायझर टिबेट्स, ज्याच्या स्वयंपाकघरात पोस्ट बसणार होतं,
गप्प होता. त्याला टिबेट्सव्हिल हवं होतं,
आणि ते दुसऱ्या कुणीतरी सुचवायला हवं होतं.
कंदिलातलं तेल संपलं तेव्हा
अकरा घरांची चौदा नावं झाली होती.

नदीच्या या वळणाला त्याआधीही एक नाव होतं.
ते ज्यांच्या तोंडी होतं
त्यांना गाड्यांत बसवून दक्षिणेला नेलं, त्याच वर्षी.
अर्जात त्यासाठी रकाना नव्हता.

अर्ज दोनदा परत आला.
आधीच आहे.
दोन शब्द चालणार नाहीत.
तिसऱ्या खेपेला एलायझरनं नावाची ओळ कोरी ठेवली,
म्हणाला, परत आल्यावर बघू,
सही ठोकली आणि बैल जुंपून नांगरटीला गेला.
खाली साक्षीदाराची ओळ होती.
तिथे बायकोनं नाव लिहायचं, एवढंच काम.
टपालवाला दारात, घोडा पाय आपटतोय.
ऑर्फानं नाव लिहिलं.
एक ओळ वर.

सात आठवड्यांनी शिक्का आला, पितळेचा,
तिचं नाव उलटं कोरलेलं.

म्हणतात, एलायझर पुढचं पीक निघेपर्यंत बोलला नाही.
म्हणतात, ती सगळ्यांना सांगायची,
घाई होती हो, दिवा मंद होता, मला काय कळतंय.
त्रेचाळीस वर्षं सांगत राहिली.
परगावी कुणी विचारलं तर खाली बघून म्हणायची,
मी ऑर्फा. ऑर्फाची.

नांगरटीच्या वेळी कसला दिवा,
असं मी मिस हॅझलटाइनना विचारलं नाही.

आता पोस्ट नाही. शाळाही एकोणीस मैलांवर गेली.
माणसं एकशे चौऱ्याण्णव, कुत्री कुणी मोजत नाही.
रंगावर पैसे घालायचे का, यावर कौन्सिलचं मत पडलं,
चार विरुद्ध तीन.
चौथं मत लोहाराच्या पणतीचं.

काम धरण्याआधी मी तो अर्ज बघून आलो,
काचेमागे आहे, शौचालयाच्या दाराशेजारी.
वळणं घ्यायची होती अक्षरांची, बाकी काही नाही.
पण साक्षीदाराच्या ओळीवर शाईचा एक थेंब आहे,
वाटाण्याएवढा, कागदात खोल मुरलेला.
लिहिताना असा थेंब पडत नाही.
टाक तिथे टेकवून ठेवला तर पडतो,
बराच वेळ.

वारा आज जरा कमी आहे.
मी डबा वर ओढून घेतला,
पहिलं अक्षर गोल, तेच सगळ्यात अवघड.