दंडाची पावती

पत्र्याच्या पेटीत, तळाला,
मायनं अकरा पावत्या जपल्यात.
सगळ्या दंडाच्या.

पहिलीची शाई उडालीय, शिक्का अर्धाच उमटलाय:
सरकारी गायरान, वीस गुंठे, पीक बाजरी,
अतिक्रमण करणार केराबाई आश्रुबा ससाणे,
दंड रुपये नऊ.

तलाठी खडकावर बसून लिहीत होता.
नाव?
केरी.
पूर्ण सांग.
आधीची दोन दगावली म्हणून
आजीनं हिला उकिरड्यावर ठेवून परत उचललं होतं,
गावानं तेवढंच लक्षात ठेवलं.
पूर्ण कुणी विचारलंच नव्हतं.
ती म्हणते, मला माझंच नाव जुळवाया येळ लागला.

त्या साली केजच्या यष्टीनं कॉलेजातली पोरं आली,
बेलबॉटम घातलेली, पत्रकं काखेत.
त्यातला भिवसेन व्यवस्था, शोषण असं काही बोलायचा
आणि कुदळ उलटी धरायचा.
पहिल्याच दिवशी त्याचे तळहात फुटले.
मायनं हळद दाबली, म्हणाली,
तू बोल रं बाबा, खंदायचं आमी बगतो.
बावीस घरं. वर तरवड, कुंदा, खाली नुसता मुरूम.

पोटरीतल्या बाजरीत गावानं गुरं घातली.
गिरणी बंद झाली, दुकान बंद,
पाण्याची वाट तर आधीपासूनच बंद होती.
आम्ही कण्या शिजवल्या, मग त्याही नाही.
विद्यापीठाच्या नावावरून मराठवाडा पेटला
तेव्हा आमचं छप्परही गेलं.
पावती मायच्या कमरेला होती,
पिशवीत, चुन्याच्या डबीशेजारी.

बाकीचे तलाठी दिसला की ओढ्यात उतरायचे.
ही त्याला शोधत तहसिलीत जायची, नऊ मैल पायी:
सायब, औंदा माजा दंड राह्यला.
शिपाई हसायचे.
बापसुद्धा म्हणायचा, येडी हाय.

मग खूप वर्षांनी सरकारनं विचारलं,
ताब्याचा पुरावा काय?
बावीसातल्या पाच जणांकडे निघाला.
सातबाऱ्यावर ती अजून इतर हक्कात आहे,
वरच्या रकान्यात सरकार.
मी कायद्याच्या भाषेत समजावायला गेलो,
ती मशेरी लावत राहिली.

परवा गायरानाच्या वरच्या टोकाला
पारध्यांचं एक पाल पडलं.
बाई, तीन लेकरं, एक कोंबडी.
दगडं वेचून ढीग घातलेला.
आमच्याच वस्तीतली पोरं काठ्या घेऊन निघाली,
गळ्यात निळे गमछे, माझा पुतण्या पुढं,
आणि तोंडात तेच शब्द,
गुरं घालणाऱ्यांचे, जसेच्या तसे.

माय ऐंशीला टेकलेली. धडपडत पोचली.
पोरांना काहीच बोलली नाही.
त्या बाईसमोर मातीत बसली,
मला म्हणाली, तलाठ्याला फोन लाव,
हिचाबी दंड लिवून घे म्हनावं.

बाई घाबरून लेकरं गोळा करू लागली.
माय तिचं मनगट धरून विचारत होती,
नाव काय तुजं?
पूर्ण. पूर्ण सांग.